एकच नियम, अनेक खंड: पॅरानॉर्मल रोमान्सची लांब मालिका कशी लिहावी

पॅरानॉर्मल रोमान्स म्हणजे अशी प्रेमकथा जिच्यात दोघांपैकी एकजण भूत, रक्तपिपासू (व्हॅम्पायर) असा कुणी अमानवी असतो. तिचा पहिला खंड उत्सुकतेवर चालतो. हा माणूस कोण आहे, रात्रीच का येतो, आरशात का दिसत नाही, एवढ्यावर वाचक तीनशे पानं सहज वाचून काढतो. दुसऱ्या खंडाला हे भांडवल नसतं. तो कोण आहे हे सगळ्यांना कळून चुकलेलं असतं. त्यानंतरही वाचकाचा जीव त्या दोघांत अडकून राहावा, चौथा, पाचवा, सहावा खंड त्यानं ओढीनं हातात घ्यावा, यासाठी काय करावं लागतं ते इथे सांगते. माझी मालिका अजून चालू आहे, त्यामुळे उदाहरणं तिच्यातलीच देते.

सगळ्यात आधी नियम. तुमच्या कथेतला अमानवी नियम आणि तुमच्या जोडप्यातला पेच ही एकच गोष्ट असली पाहिजे. बहुतेकजण या दोन गोष्टी वेगवेगळ्या ठरवतात. नायक रक्तपिपासू आहे, त्याला ऊन चालत नाही, हा झाला नियम. आणि नायिकेच्या घरच्यांचा विरोध आहे, हा झाला पेच. अशा कथेतून अमानवी भाग काढून टाकला तरी प्रेमकथा जशीच्या तशी उभी राहते. मग तो भाग नुसती सजावट ठरतो, आणि सजावटीवर एखादा खंड निघतो, मालिका निघत नाही. तुमच्या आराखड्याला हीच कसोटी लावून बघा: नियम उचलून बाजूला ठेवला तर या दोघांना भांडायला काही उरतं का? भरपूर उरत असेल तर नियम पुन्हा घडवा.

आपल्याकडच्या जुन्या कथांनी हे फार नेमकं केलंय. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात (१०.९५) पुरूरवा आणि उर्वशीचा संवाद येतो. शतपथ ब्राह्मणात त्यामागची पूर्ण कथा आहे. उर्वशी राहायला तयार होते, पण अटी घालून. त्यांतली कळीची अट अशी: पुरूरवा तिला कधीही विवस्त्र दिसता कामा नये. गंधर्वांना ती परत हवी असते. ते रात्री तिच्या शय्येला बांधलेली कोकरं पळवतात, ती आकांत करते, तो आहे तसाच उठून धावतो, आणि गंधर्व नेमकी त्याच क्षणी वीज चमकवतात. ती त्याला बघते आणि नाहीशी होते. अट मोडते ती तिच्यासाठीच धावताना. शंतनूला गंगेनं घातलेली अट तशीच: मी काहीही केलं तरी का म्हणून विचारायचं नाही. सात मुलं नदीत जातात तोवर तो गप्प राहतो आणि आठव्या वेळी बोलतो. दोन्हीकडे अटीतून प्रेमाचाच प्रश्न उभा राहतो, म्हणूनच त्या कथा आजही जिवंत आहेत.

माझ्या मालिकेत सावनी घड्याळं दुरुस्त करते. माधवला जाऊन शंभरावर वर्षं झालीत. नियम एवढाच: दोघांच्या बोलण्यात खोटं आलं की माधव तिच्या स्पर्शाला हरवतो. तो दिसतो, त्याचा आवाज ऐकू येतो, पण हात आरपार जातो. खरं बोललं गेलं की पुन्हा हाताला लागतो. एका वाक्यात मावणारा नियम आहे. तो एका वाक्यात मावलाच पाहिजे, असा माझा आग्रह आहे. ज्या नियमाला पोटनियम लागतात त्याच्यावर वाचक रडत नाही.

नियम उसना घ्यायला हरकत नाही, पण उसना आहे म्हणून तो पवित्र मानू नका. रक्तपिपासू उन्हात जळून मरतो हे आपण गृहीतच धरलंय. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ सालच्या कादंबरीतला ड्रॅक्युला मात्र दिवसाढवळ्या फिरतो, फक्त त्याच्या शक्ती तेव्हा कमी असतात. उन्हानं मरण हे पुढे सिनेमातून आलं, १९२२ च्या 'नोस्फेराटू'मधून. म्हणजे आज अटळ वाटणारे नियमही कुणीतरी आपल्या कथेच्या गरजेपोटी घडवले आहेत. तुम्हीही घडवा. तो घडवताना तीन गोष्टी लिहून ठेवा: तो कशानं लागू होतो, कशानं उठतो, आणि त्याची किंमत कोण मोजतं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'दोघंही' असेल तर नियम चांगला आहे.

आता पुढच्या खंडांचं. इथे मोह होतो तो शत्रू मोठा करत नेण्याचा. पहिल्या खंडात एक दुष्ट आत्मा, दुसऱ्यात त्यांची टोळी, तिसऱ्यात जगबुडी. जगबुडी एकदा टळली की चौथ्या खंडात काय आणणार? शिवाय शत्रू जितका मोठा होतो तितका त्या दोघांना एकमेकांशी बोलायला वेळ उरत नाही, आणि आपला वाचक तर त्यांच्या बोलण्यासाठीच आलेला असतो. दुसरा मोह नियम सैल करण्याचा. तिसऱ्या खंडात एखादा ताईत सापडतो आणि ऊन चालायला लागतं. वाचक त्या पानावर खूश होतो आणि मालिकेतून मनानं उठतो, कारण इथून पुढे लेखिका वाटेल तेव्हा दुसरा ताईत काढू शकते हे त्याला कळलेलं असतं.

माझं सूत्र असं आहे: नियम बदलायचा नाही, नियमाबद्दलची पात्रांची समज बदलायची. प्रत्येक खंडानं त्याच नियमाला नवा प्रश्न विचारायचा. पहिल्या खंडात सावनी सरळ खोटं बोलते. माधव कसा मेला हे तिला एका जुन्या घड्याळाच्या झाकणाच्या आत कोरलेल्या मजकुरावरून कळलेलं असतं आणि ती ते नाकारते. दुसऱ्यात ती खोटं बोलत नाही, नुसती गप्प राहते, आणि स्पर्श टिकतो. आधी तिला हायसं वाटतं; पण माधवला जेव्हा कळतं की हात हातात असणं ही पूर्ण सत्याची हमी नाही, तेव्हा पहिल्या खंडापेक्षा मोठी जखम होते. तिसऱ्यात ती भावाशी खोटं बोलते, माधवच्या समोर, माधवबद्दल. चौथ्यात त्याला स्पर्शानं जखडू पाहणारा एकजण दारापर्यंत येतो. बाहेरच्यांनाही माधव हाताला लागतो तो सावनीला लागतो तेव्हाच, हे पहिल्या खंडातच येऊन गेलंय. सावनी माधवच्या डोळ्यांत बघून म्हणते, "माझं तुझ्यावर कधीच प्रेम नव्हतं." तो हवेसारखा होतो आणि म्हणूनच वाचतो. तीन खंड ज्या खोट्यानं त्यांना तोडलं तेच खोटं इथे त्याला वाचवतं. यासाठी नवा मंत्र लागला नाही, नवी शक्ती लागली नाही.

तुमचा नियम कुठलाही असो, दुसऱ्या खंडाला हात घालण्याआधी त्याला विचारता येतील असे प्रश्न कागदावर काढा. हा फक्त एकालाच लागू आहे की दोघांना? जाणूनबुजून मोडला तर? नकळत मोडला तर? तिसऱ्या माणसामुळे मोडला तर? दुसऱ्याच्या भल्यासाठी मोडला तर? चार-पाच प्रश्नांपुढे सुचत नसेल तर नियम तोकडा आहे. मालिका तेवढ्यातच आटोपती घ्यावी.

पाचव्या खंडातला एक प्रसंग जवळून दाखवते, कारण लांब मालिकेत आधीच्या खंडांचा उपयोग कसा करायचा ते त्यावरून कळेल.

सावनी दिव्याखाली घड्याळाचं मागचं झाकण उघडत होती. माधव वाकून बघत होता.
"काय बघतोयस?"
"काही नाही."
"मग जरा सरक, उजेड अडतोय." तिनं सवयीनं त्याचं मनगट धरायला हात पुढे केला. बोटं आरपार गेली.
तिनं चिमटा खाली ठेवला. "मी खोटं नाही बोलले."
माधव काही बोलला नाही.
"माधव, मी खोटं नाही बोलले."
"मी बोललो."
"काय बघत होतास?"
"एक पांढरा केस."

या प्रसंगात कुणी किंचाळत नाही, कुणी मरत नाही. पण दोन गोष्टी एकदम होतात. नियम फक्त आपल्याच खोट्याला लागू आहे असं सावनी चार खंड मानत आली, आणि वाचकही मानत आला. तो दोघांनाही लागू निघतो. मी नियम 'दोघांच्या बोलण्यात' असाच लिहिला होता, तिनं तो आपल्यापुरता समजून घेतला. हा धक्का खरा वाटावा म्हणून आधीच्या चारही खंडांत माधवची वाक्यं सांभाळावी लागली. तो विषय बदलतो, प्रश्नाला प्रश्नानं उत्तर देतो, उठून खिडकीशी जातो, पण एकदाही खोटं बोलत नाही. चोखंदळ वाचक मागे जाऊन तपासतात. तपासून त्यांना सगळं जागच्या जागी सापडलं की ते तुमच्या मालिकेचे कायमचे होतात.

दुसरी गोष्ट वयाची. तो पांढरा केस या प्रकारच्या लेखनाचा गाभा आहे असं मी मानते. दोघांतला एक म्हातारा होणार आणि दुसरा नाही. पुष्कळ मालिका यातून लवकर पळवाट काढतात: नायिकेलाही अमर करून टाकतात. तसं करायचंच असेल तर शक्य तितकं उशिरा करा, कारण त्या क्षणी तुमच्या हातातला सर्वांत जिवंत विषय संपतो. तोवर वय पानावर दिसू द्या. सावनी पहिल्या खंडात सव्वीस वर्षांची आहे. पाचव्यात ती सदतीसची आहे, बारीक कामासाठी चष्मा लावते, आणि माधवच्या चेहऱ्यावर तेच एकोणतीस वर्षांचं कोवळेपण आहे. बाजारात दोघं शेजारी चालली तर लोक काय समजतील, हा प्रश्न पहिल्या खंडात उद्भवतच नव्हता. असे प्रश्न आपोआप तयार होतात. त्यांना घाबरू नका, त्यांच्यावरच पुढचे खंड उभे राहतात.

वयावरून आणखी एक गंभीर गोष्ट निघते. शंभर वर्षं जगलेला किंवा मरून राहिलेला नायक आणि विशीतली नायिका यांच्यात अनुभवाचं पारडं फार झुकलेलं असतं. ते तुम्ही मुद्दाम सांभाळायला हवं. तिच्याकडे असं काहीतरी असू द्या ज्यात तो अडाणी आहे आणि त्याला तिच्याकडून शिकावं लागतं. आणि मोहिनी, संमोहन, स्मृती पुसणं या शक्ती प्रेमाच्या प्रसंगात वापरू नका. तिच्या मनात शिरून मिळवलेला होकार हा होकार नव्हे. नायकानं 'तिच्याच भल्यासाठी' तिची आठवण पुसली, तर तो तिच्यावर केलेला अन्याय आहे असं कथेनं मानलं पाहिजे आणि पुढच्या खंडात त्याला त्याचा जाब द्यावा लागला पाहिजे. या बाबतीत मी तडजोड करत नाही.

आता नोंदवहीकडे. डोळ्यांचा रंग, जखमेची बाजू, गाडीचा नंबर हे सगळे लिहून ठेवतात, तुम्हीही ठेवा. आर्थर कॉनन डॉयलच्या डॉ. वॉटसनची, म्हणजे शेरलॉक होम्सच्या सोबत्याची, युद्धातली जखम १८८७ च्या पहिल्या कादंबरीत खांद्याला आहे आणि १८९० च्या दुसऱ्या कादंबरीत पायाला. वाचक अजून त्यावर वाद घालतात. पण जास्त उपयोगाचा असतो तो दुसराच तक्ता: कुणाला काय, कधी आणि कुणाकडून कळलं. मी तो एक्सेलमध्ये ठेवते. उभ्या रांगेत पात्रं, आडव्या रांगेत गुपितं, आणि चौकटीत खंड-प्रकरणाचा आकडा. रहस्यं असलेल्या लांब मालिकेत सगळ्यात जास्त घोटाळे इथेच होतात: ज्या मावशीला माधवचं अस्तित्व ठाऊकच नाही ती सहज म्हणून जाते, "त्याला विचार ना." तक्ता समोर असेल तर अशी वाक्यं पहिल्याच खर्ड्यात अडतात.

त्याच वहीत संबोधनं लिहा. सावनी आणि माधव सुरुवातीला एकमेकांना 'तुम्ही' म्हणतात, दुसऱ्या खंडाच्या शेवटी 'तू'वर येतात. चौथ्या खंडातल्या त्या खोट्यानंतर माधव काही प्रकरणं तिला पुन्हा 'तुम्ही' म्हणतो. त्यातला दुरावा समजावून सांगायला एकही वाक्य खर्ची घालावं लागलं नाही. जुन्या काळातल्या पात्राच्या तोंडी मात्र सगळीच भाषा जुनी घालू नका. दोन-चार ठेवणीतले शब्द आणि वाक्याची थोडी संथ चाल पुरते. पाच खंड 'आम्हांस' आणि 'जाहले' वाचणं जीवघेणं होतं.

चंद्रही वहीत हवा, विशेषतः तुमचा नायक नरवृक, म्हणजे पौर्णिमेला लांडगा होणारा माणूस, असेल तर. पौर्णिमा ते पौर्णिमा सरासरी २९.५ दिवस जातात, म्हणजे एकाच आठवड्यात दोनदा रूपांतर होणार नाही. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, पुढे रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा. वद्य अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या आसपास वर येतो आणि शुद्ध अष्टमीचा त्याच सुमारास मावळतो. हे पाठ असलं की प्रसंग सुचतात. संध्याकाळी भेटायचं वचन देऊन काळोखात वाट बघणारी नायिका, आणि मध्यरात्री अर्ध्या चंद्राबरोबर येणारा तो. मी खंडाची कालरेषा खऱ्या पंचांगावर बसवते. कुणी तपासो न तपासो, मला लिहिताना जमिनीवर उभं असल्यासारखं वाटतं.

एकच जोडपं सगळ्या खंडांत न्यायचं, की त्याच जगातलं वेगळं जोडपं दर खंडात घ्यायचं, हे पहिल्या खंडाच्या आधी ठरवा. वेगळी जोडपी घेतलीत तर प्रत्येक खंडाला समाधानाचा शेवट देता येतो आणि प्रणयकादंबरीच्या वाचकाला तो हवाच असतो. एकच जोडपं घेतलंत तर प्रत्येक खंडाच्या शेवटी त्या दोघांना खरोखर काहीतरी मिळालं पाहिजे. सगळं पुढच्या खंडावर ढकललेलं वाचकाला चालत नाही.

मरणाबद्दल थोडं. या प्रकारात मेलेला माणूस परत येऊ शकतो, त्यामुळे मरण स्वस्त होतं. कोण परत येऊ शकतो आणि कोण मुळीच नाही, हे पहिल्या खंडातच वाचकाला सांगून टाका आणि मग ते कितीही जड गेलं तरी पाळा. माझ्या मालिकेत पांढऱ्या केसाच्या त्या प्रसंगानंतर सावनीचे वडील जातात ते परत येत नाहीत. माधवच तिला सांगतो की सगळे राहत नाहीत, आणि तो खरं बोलतोय हे त्याच्या हाताच्या उबेवरून तिला कळतं. वाचकांची पत्रं आली, वडिलांना परत आणा म्हणून. त्यांच्या प्रेमाची मला कदर आहे, पण ते परत आले असते तर त्या उबेला काही अर्थ उरला नसता.

भागाभागानं लिहीत असाल तर भाग संकटावर तोडण्यापेक्षा निर्णयावर तोडा. दारावर थाप पडली इथे थांबलात तर वाचक फक्त कोण आलं एवढंच विचारतो. तिनं कडी काढायचं ठरवलं इथे थांबलात तर तो तिच्याबद्दल विचार करत राहतो.

आणि शेवट. मालिका कुठे संपणार हे तिसऱ्या खंडाच्या आत ठरलेलं असावं, आणि तो शेवट नियमाच्या पोटातून यावा. वेताळ पंचविशीची रचना आठवा. राजा बोलला की वेताळ झाडावर परत जातो; उत्तर माहीत असून गप्प राहिला तर डोकं फुटेल. एवढ्या एका नियमावर गोष्टीमागून गोष्ट चालते. संपते कशी? शेवटच्या कोड्याचं उत्तर राजाला खरोखरच येत नाही, तो गप्प राहतो, आणि नियम न मोडता फेरा थांबतो. तो थांबवायला बाहेरून कुणी राक्षस येत नाही, कुणी देव प्रकट होत नाही.

म्हणून नियमाला विचारायच्या प्रश्नांची यादी काढताना असा एक प्रश्न शोधा ज्याच्यापुढे तुमचा नियम गप्प बसतो. माझ्या नियमाला तो पुढच्या काळातला सापडला: "मी गेल्यावर तू राहशील का?" उद्याबद्दल आज दिलेलं वचन देताना खरंही नसतं, खोटंही नसतं, तेव्हा हात लागेल की आरपार जाईल? शेवटचा खंड तिथे उभा राहील. तुमचा तसा प्रश्न सापडला की वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, आणि त्या खंडापर्यंत दोघांपैकी कुणालाही तो विचारू देऊ नका. अगदी भांडणाच्या भरातसुद्धा.